बी कधी उचलावं, फांदी कधी रोवावी

पोरांनो, रोपवाटिकेसाठी बी कुठून आणायचं, असं तुम्ही विचारलंत. त्याआधी बी कधी उचलायचं, ते विचारा. मुळशीतली कितीतरी झाडं या एका 'कधी'पायी रोपवाटिकेत पोचतच नाहीत. जुलैत झाडं लावायचा आठवडा जाहीर होतो आणि मग सगळे बियांच्या मागे लागतात. तोवर मोहाचं बी मेलेलं असतं, कोकमाचं वाळलेलं असतं, जांभळाचं झाडाखालीच कुजलेलं असतं. हाताशी उरतं ते गिरिपुष्प, सुबाभूळ आणि गुलमोहर. ही परदेशी झाडं, पण त्यांचं बी डब्यात टिकतं, गिरिपुष्पाची तर नुसती काठी रोवली तरी फुटते, म्हणून डोंगरावर तीच चढतात. आपली झाडं हट्टी नाहीत. त्यांच्या दिवसाला आपण त्यांच्याखाली हजर असायला हवं.

माझी आजी बियांचे दोन भाग करायची: थांबणारं बी आणि न थांबणारं बी. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं. न थांबणारं बी म्हणजे ज्यात ओल असते आणि ती ओल गेली की जीवही जातो: जांभूळ, आंबा, फणस, कोकम, मोह, सीताअशोक. ही सगळी बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटाला नाहीतर पावसाच्या तोंडावर गळतात. खाली पडायचं, भिजायचं आणि लगेच रुजायचं, असंच त्यांचं ठरलेलं आहे. त्यांना उन्हात वाळत घालू नका, डब्यात भरू नका, फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका. आज उचललं, उद्या गर धुतला, परवा पेरलं, असा क्रम ठेवा.

जांभळाचं पाहा. जूनमध्ये झाडाखाली सडा पडतो. चांगली मोठी, पूर्ण काळी झालेली फळं घ्या, खा, मुलांना खायला द्या आणि बिया पाण्यात चोळून गर काढून टाका. गर राहिला तर बुरशी धरते आणि मुंग्या येतात. दोन-तीन आठवड्यांत पेरलं तर बहुतेक सगळं उगवतं. त्यानंतर रोज थोडं थोडं मरत जातं. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, जांभळाची ती रीतच आहे. चार पानं आली की जोमदार कोंब ठेवायचा, बाकीचे नखाने खुडायचे. उपटू मात्र नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

कोकमाचं बी एप्रिल-मेमध्ये मिळतं. घरी आगळ करायला फळं फोडली की बिया फेकून न देता राखेत चोळून, धुऊन, सावलीत नुसत्या कोरड्या करून लगेच पेरा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून लावलेलं झाड कोणतं निघालं ते कळायला सहा-सात वर्षं जातात. नर निघालं म्हणून झाड तोडणारे लोक मी पाहिलेत. ओढ्याकाठी, रानात लावायला तुम्हाला दोन्ही हवीत, नाहीतर फळ धरणारच नाही. तिथे बीच लावा. घराजवळ आगळापुरतं झाड हवं असेल तर कलम आणा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात दिली आहे.

सीताअशोकाबद्दल एक इशारा देतो. शाळेच्या कुंपणाला उंच, निमुळता, हिरवा खांबासारखा उभा असतो तो हा अशोक नाही. खरा अशोक सावलीतला, ओढ्याकाठचा, खोडालाच नारिंगी-लाल फुलं येणारा. त्याच्या शेंगा तडकल्या की बिया आठवड्याच्या आत मातीत गेल्या पाहिजेत.

आता थांबणारं बी. बहावा, शिरीष, आपटा, खैर यांच्या शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्याव्या. बी काढून, चांगलं वाळवून, राख मिसळून मडक्यात ठेवलं की पुढच्या वर्षापर्यंत काळजी नाही. मडक्यावर झाडाचं नाव, जागा आणि महिना लिहा. दोन वर्षांनी मडक्यात काय आहे ते कुणालाच आठवत नाही.

पण यातल्या काहींचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आतच शिरत नाही. बहाव्याच्या बिया तशाच पेरल्या तर एक या पावसात उगवेल, एक पुढच्या, बाकीच्या कधी तेही सांगता येणार नाही. रानात झाडाला ते बरंच असतं, एका वर्षी पावसाने दगा दिला तरी वंश राहतो. आपल्याला मात्र सगळी रोपं एकदम हवी असतात. म्हणून पाणी उकळायचं, चुलीवरून खाली उतरवायचं, मग बिया त्यात टाकायच्या आणि रात्रभर तसंच निवू द्यायचं. चुलीवर बिया उकळायच्या नाहीत, मरतील. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा. ज्या तशाच राहिल्या त्यांची एक कड खडबडीत दगडावर घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंतच, आणि पुन्हा भिजत घाला. बीला जिथे देठाकडचा ठिपका असतो ती बाजू घासू नका, कोंब तिथून येतो. खैराला यातलं काही लागत नाही, रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं तरी चार-सहा दिवसांत उगवतो. करंजही तसाच सोपा, बी आडवं ठेवून बोटाच्या पेराएवढं खोल पुरलं की झालं.

हिरड्यावर जरा थांबतो, कारण हिरडा येत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पहिलं कारण असं की, बाळहिरड्यासाठी फळ कोवळं असतानाच झोडपून उतरवतात, मग पिकलेलं फळ उरतच नाही. तुमच्या हद्दीत हिरडा असेल तर प्रत्येक झाडाच्या दोन-तीन फांद्या राखून ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. पौषापासून फाल्गुनापर्यंत पिवळट झालेली फळं आपोआप गळतात, तीच घ्यायची. झाडावरून ओढून घेतलेलं फळ कच्चं असतं. दुसरं कारण म्हणजे आतली आठळी. फळाचा वरचा भाग पाण्यात भिजवून, कुजवून, ठेचून काढा. मग आठळी पाण्यात टाका, तरंगेल ती फेका, ती किड्याने पोखरलेली नाहीतर पोकळ असते. बुडालेल्या आठळीचं रुंद टोक हलक्या हाताने थोडं छाटायचं, आतल्या गराला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दीड दिवस थंड पाण्यात ठेवायची. एकेक आठळी छाटणं जमत नसेल तर जुनी रीत आहे: दिवसा उन्हात, रात्री पाण्यात, असं आठवडाभर आलटून पालटून करायचं. काही झालं तरी सगळं उगवत नाही. शंभर रोपं हवी असतील तर तीनशे आठळ्या पेरा. ऐन आणि किंजळ यांचंही तेच, पंखांची फळं पोत्याने मिळतात पण पुष्कळशी आतून रिकामी असतात. ती पाण्यात टाकून पारखता येत नाहीत, सगळीच तरंगतात. चार-दोन फळं उभी चिरून आत गर आहे का ते पाहा, नसेल तर दुसरं झाड गाठा.

शिवणीचं बी गोळा करायला रानात फिरू नका, गोठ्यात जा. वैशाख-ज्येष्ठात पिवळी फळं गळतात, गुरं ती आवडीने खातात आणि रात्री रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकतात. सकाळी शेण-पाणी करताना त्या वेचून घ्यायच्या, धुवायच्या, दिवसभर भिजवून पेरायच्या. आवळ्याचं फळ उन्हात ठेवलं की आठळी स्वतःच तडकते आणि बी बाहेर पडतं, तेव्हा वर फडकं झाकायला विसरू नका, बी उडून जातं. पळसाच्या शेंगेत एकच बी असतं, तेही टोकाला. शेंगेसकट पेरलं तरी चालतं. काटेसावरीची बोंडं फुटायच्या बेतात असताना काढा, फुटल्यावर कापूस वाऱ्यावर गेला की हाती काही लागत नाही; बी त्याच पावसाळ्यात पेरा. बिब्ब्याला उघड्या हाताने शिवू नका. त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, जखमा होतात. लहान मुलांना हे काम देऊच नका.

बी कोणत्या झाडाचं घ्यायचं, यावर मी फार आग्रही आहे. रस्त्याकडेच्या एकाच मोठ्या झाडाखाली पोतं भरून परत यायची सवय लागते. तसं करू नका. सगळी रोपं एका आईची झाली तर पुढे एकच रोग सगळ्यांना नेईल. एकमेकांपासून लांब असलेली आठ-दहा झाडं तरी हवीत, प्रत्येकाखालून थोडं थोडं. सरळ, निरोगी, मध्यम वयाची झाडं बघा. आणि बी जवळचं घ्या. ताम्हिणीला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पिरंगुटकडे त्याच्या कितीतरी कमी. तालुका एकच, पण तिकडच्या जांभळाला पावसात उभं राहायची सवय आहे आणि इकडच्याला उन्हाळा काढायची. आपापल्या खोऱ्यातलं बी आपापल्या खोऱ्यात लावावं.

जुनी, थोराड झाडं आता देवरायांतच उरली आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यात आपल्या भागातल्या रायाही होत्या. आजूबाजूचा डोंगर कोळशासाठी तुटला तरी देवाच्या नावाने राखलेली राई टिकली, म्हणून आज बी मिळतंय. राईत जायच्या आधी गावातल्या जाणत्यांना आणि पुजाऱ्याला विचारा. पायताण बाहेर काढा. जमिनीवर पडलेलं तेवढंच उचला, फांदी मोडायची नाही, आणि पडलेल्यातलंही निम्म्याहून जास्त तिथेच सोडा. ते राईचं आणि पाखरांचं आहे. ताम्हिणीचं अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीतून वनखात्याच्या परवानगीशिवाय बीसुद्धा आणायचं नाही. नदीकाठच्या झाडांची अडचण वेगळी आहे. सेनापती बापटांनी १९२१ साली ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह चालवला ते मुळशीचं धरण झालं आणि खोऱ्यातल्या गावांबरोबर जुने काठही पाण्याखाली गेले. काठावरच्या करंज-उंबर-वाळुंजासाठी आता वरच्या ओढ्यांनाच जावं लागतं.

वड, पिंपळ, उंबर, पायर यांचं बी मोहरीहून बारीक. पेरलं की उगवत नाही, असं लोक म्हणतात, कारण ते मातीखाली पुरतात. या बियांना उजेड लागतो. पिकून गळलेलं उंबर पाण्यात कुस्करा, तळाशी बसेल ते बी, त्यात बारीक वाळू मिसळा आणि विटांचा चुरा भरलेल्या कुंडीत वरच्यावर भुरभुरून द्या. झारीने पाणी घातलं तर वाहून जाईल, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल चढू द्या. याहून सोपं म्हणजे जुन्या भिंतींवर, विहिरीच्या कठड्यावर पाखरांनी आधीच पेरणी करून ठेवलेली असते. दोन-तीन पाऊस झाले की भेगेतली बोटभर रोपं मुळासकट अलगद सुटतात. भिंतही वाचते, रोपही मिळतं.

आता फांदीकडे येतो. सगळ्या झाडांची फांदी लागत नाही. ऐन, हिरडा, अंजनी यांच्या काठ्या रोवून वेळ घालवू नका. लागतात त्या मऊ लाकडाच्या नाहीतर चिकाच्या झाडांच्या: पांगारा, शेमट (कुणी मोई म्हणतात), काकड, वड, उंबर, पायर. शेवग्याची फांदी परसात लावतो तोच प्रकार. काठावर लावायला वाळुंज. त्याची काठी ओल्या वाळूत खोचली तरी धरते.

फांदी वैशाखाच्या शेवटी तोडायची, डोळे फुगलेले पण पालवी उघडलेली नाही अशी. पालवी फुटलेली फांदी लावली तर पानं साठवण खाऊन टाकतात आणि मूळ धरायच्या आत काठी सुकते. जाडी मनगटाएवढी, लांबी माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी. बारीक काडीही रोपवाटिकेत लागते, पण रानात लावायची तर उंचच हवी, कारण पालवी गुरांच्या आणि शेळ्यांच्या तोंडाच्या वर राहिली पाहिजे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचाही तिरका, म्हणजे पाणी साचत नाही, आणि त्यावर शेण-मातीचा लेप. कोयता धारदार ठेवा; साल चेपली की तिथून कूज सुरू होते. वड-उंबराची फांदी तोडल्यावर दोन दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, चीक गळून सुकू द्या. खालच्या टोकाला कोळशाने खूण करून ठेवा, उलटी रोवलेली काठी कधी झाड होत नाही.

मग पहारीने दीड-दोन फूट खोल भोक पाडायचं आणि काठी त्यात सोडायची. काठीच ठोकून जमिनीत घालणारे असतात. त्याने खालची साल सोलून निघते आणि मूळ यायचं ते सालीच्या कडेनेच. भोवतीची माती पायाने घट्ट दाबा, हलवून पाहा, हलली तर पुन्हा दाबा. वाऱ्याने डुलणारी काठी नवी मुळं रोज तोडत राहते. पालवी फुटली म्हणून फसू नका, पहिली पालवी काठीतल्या साठ्यावर येते. दसऱ्यापर्यंत पानं टिकली तर समजा की मूळ धरलं.

फांदीपासून आलेल्या झाडाला सोटमूळ नसतं. म्हणून बांध, कुंपण, ओढ्याचा काठ इथे फांदी लावा आणि वाऱ्याच्या सोंडेवर, उतारावर बीचंच झाड लावा. एका झाडाच्या पन्नास फांद्या म्हणजे तेच एक झाड पन्नास ठिकाणी, हेही लक्षात ठेवा आणि फांद्याही अनेक झाडांवरून घ्या. पांगाऱ्याबाबत आणखी सावध राहा. गेल्या वीसेक वर्षांत बाहेरून आलेल्या एका बारीक गांधीलमाशीने त्याच्या कोवळ्या पानांवर आणि देठांवर गाठी आणल्या आहेत. गाठाळलेल्या झाडाची फांदी दुसऱ्या गावात नेऊ नका.

आणि राबासाठी तोडलेल्या ऐन-किंजळाचे खुंट विसरू नका. ते मेलेले नाहीत. पावसाळ्यात खुंटाभोवती धुमाऱ्यांचा झुबका येतो. त्यातले दोन सरळ धुमारे ठेवून बाकीचे काढा आणि चार वर्षं कोयता लावू नका. खाली जुनं, खोल गेलेलं मूळ तयार असल्यामुळे तो धुमारा नव्या रोपाच्या कितीतरी पुढे जातो. रोपवाटिकेच्या उत्साहात हे फुकटचं जंगल लोकांच्या नजरेआड राहतं, याचं मला वाईट वाटतं.

आता रोपवाटिकेतली पिशवी. तिची माती म्हणजे दोन वाटे लाल माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा वाळू. त्यात त्याच झाडाखालची मूठभर माती मिसळा, मुळांना लागणारी बुरशी तिच्यातून येते. उंच पिशवी घ्या. बुटक्या पिशवीत सोटमूळ तळाला गुंडाळतं आणि तसंच लावलं तर झाड पाच-सात वर्षांनी वाऱ्यात उलथतं. लावताना तळाची गुंडाळी कापून टाका. रोपांवर सावलीला मांडव कारवीच्या काठ्यांचा करा आणि लावणीच्या महिनाभर आधी वरचं झाकण काढून रोपांना उन्हाची सवय लावा.

लावायची वेळ म्हणजे मृगाचे पहिले चांगले पाऊस होऊन जमीन कोपरभर भिजली की लगेच. ताम्हिणीकडे खड्डा करून लावलं तर आषाढात त्यात पाणी उभं राहतं आणि मूळ कुजतं, म्हणून तिथे उंचवट्यावर लावा. पिरंगुट-लवळ्याच्या बाजूला उलट, उताराच्या खालच्या अंगाला अर्धा गोल बांध घाला, पाणी थांबलं पाहिजे. मातीत बी गुंडाळलेले गोळे डोंगरावर फेकायची हौस अलीकडे वाढली आहे. ते उघड्यावर पडतात, उंदीर-मुंग्या खातात, उगवलंच तर गवतात गुदमरतं. तेवढ्याच श्रमात करंज, बहावा, भिजवलेला हिरडा टोकणून लावा. पहारीचं एक भोक, दोन बिया, वर पालापाचोळा.

रोप मरतं ते पहिल्या पावसाळ्यात नाही, त्यानंतरच्या उन्हाळ्यात. दसऱ्यानंतर रोपाभोवतीचं हातभर गवत कापून तिथेच पसरा. माघ लागायच्या आत लावणीभोवती चार-पाच हात रुंद जाळरेषा काढा, गवत-पाचोळा पार झाडून. फाल्गुन-चैत्रात एक वणवा आला की चार वर्षांची मेहनत एका दुपारी जाते, आणि आपल्याकडे बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात. गुराख्यांना लावणीत सामील करून घ्या, रोपांची नावं त्यांना सांगा. करवंद-तोरणाच्या काट्यांची वई घाला. आणि अंजनीसारखं झाड दोन वर्षांत वीतभरच वाढलं तर उपटून दुसरं लावू नका, त्याची चालच तेवढी आहे.

आता काम सुरू करा. आपल्या हद्दीतल्या चांगल्या झाडांची वही घाला: झाड कुठे, फूल कधी, फळ कधी, बी कधी पडलं. कातकरी वाडीवरच्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या, त्यांना हे तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. हिरडा माघात गळेल, शिवण वैशाखात, जांभूळ जूनमध्ये. तोवर पिशव्या भरून ठेवा.